टाळूची ऊती की तयार पडदा?

सरकलेल्या हिरडीच्या शस्त्रक्रियेसाठी तोंडातल्या टाळूवरून ऊती घेण्याऐवजी कोलॅजेनचा (प्राण्यांच्या ऊतीतील तंतुमय प्रथिनाचा) तयार पडदा चालेल का, असे आपण विचारले आहे. मागील वर्षी येथे पुण्यातच माझ्या आईच्या वरच्या सुळ्यावर ही शस्त्रक्रिया झाली, म्हणून लिहितो.

उघडे पडलेले मूळ झाकण्यासाठी टाळूच्या पृष्ठभागाखालून काढलेली संयोजी ऊती (आधार देणारी तंतुमय ऊती) आजही सर्वांत भरवशाची मानली जाते. ती मुळावर बसवून हिरडी दाताच्या चावण्याच्या कडेकडे ओढून घेतात आणि टाके घालतात. कोलॅजेनच्या पडद्याने टाळूची जखम टळते, आणि एकाच वेळी अनेक दातांवर काम करायचे असेल तर तो मोठाच दिलासा असतो. मात्र हिरडीची जाडी वाढवण्यात स्वतःची ऊती सहसा सरस ठरते. (असे पडदे बहुधा डुकरापासून बनवतात, घरात कोणाला ते चालणार नसेल तर आधीच विचारून घ्यावे.)

आईला हिरडीपेक्षा टाळूच अधिक दुखली. आठवडाभर गार ताकभात आणि मऊ खिचडी, त्या जागी ब्रश अजिबात नाही, केवळ क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या चुळा. दोन आठवड्यांनी टाके काढले.

तरीही साहित्याच्या निवडीआधी दोन दातांमधले हाड शाबूत आहे का, हे एक्स-रे काढून पाहून घ्या. हिरडी किती सरकली आहे याचे १९८५ सालचे मिलर यांचे वर्गीकरण बऱ्याच अंशी याच निकषावर उभे आहे: ते हाड बरेच झिजले असेल, तर कोणत्याही साहित्याने मूळ पूर्ण झाकले जात नाही. आणि ब्रश आडवा, जोर लावून घासण्याची सवय असेल, तर ती शस्त्रक्रियेपूर्वीच सोडावी. आईची हिरडी त्यामुळेच सरकली होती.