राजद्रोह की देशद्रोह? आणि ‘सुव्यवस्था’ नक्की कोणती?

गेल्या आठवड्यात एका मासिकासाठी आलेला अनुवादित लेख तपासत होते. विषय होता भाषणस्वातंत्र्य आणि देशाची सुरक्षा यांबद्दलचे न्यायालयांचे निकाल. भारतीय दंडसंहितेतल्या कलम १२४-अ साठी अनुवादकांनी सगळीकडे ‘देशद्रोह’ लिहिलं होतं. मी ते खोडून ‘राजद्रोह’ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, ‘‘ताई, वाचकाला देशद्रोह म्हटलं की लगेच कळतं. आता राजा उरलाय कुठे?’’ फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे मांडते आहे, या विषयावर विचारले जाणारे प्रश्न घेऊन आणि त्यांना उत्तरं देत.

द्रोह म्हणजे ज्याच्याशी इमान राखायचं त्याच्याशीच दगा. मित्रद्रोह, स्वामिद्रोह, गुरुद्रोह या सगळ्या समासांत इमान कुणाशी हे पहिलं पद सांगतं. ‘राजद्रोह’मधला ‘राज’ म्हणजे मुकुटवाला राजा नव्हे, राज्यकारभार. १२४-अ मध्येही द्वेष किंवा तुच्छता पसरवण्याची गोष्ट होती ती ‘कायद्याने स्थापन झालेल्या शासनाविरुद्ध’. देशाविरुद्ध असं तिथे म्हटलेलं नव्हतं. म्हणजे राजद्रोहाला देशद्रोह म्हटलं की सरकार आणि देश एकच, हे आपण न बोलता कबूल करून बसतो. केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तर कायद्याने स्थापन झालेलं शासन आणि त्या वेळी कारभार हाकणारी माणसं यांच्यातही फरक केला. कितीही कडक शब्दांत टीका केली तरी चालेल, पण हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देणारं, किंवा तसा कल असणारं बोलणं गुन्हा, अशी रेघ मारली. जो फरक करायला न्यायालयाला इतकी पानं लागली, तो आपण एका शब्दात पुसून टाकायचा का?

‘अप्रीती’ हा शब्द याच कलमातला ना? हल्ली तो कुणी वापरत नाही.

बरोबर, याच कलमातला. द्वेष, तुच्छता आणि अप्रीती. आणि या शब्दाची किंमत टिळकांनी मोजली आहे. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगितला तो प्रीतीचा अभाव असा. सरकारबद्दल माया नसणं हाच गुन्हा! १८ महिन्यांची शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी कलम दुरुस्त करून त्यात बेइमानी आणि शत्रुत्वाच्या सगळ्या भावना घातल्या गेल्या. मराठी कानाला ‘अप्रीती’ अगदी सौम्य वाटतो, एखाद्या नात्यात दुरावा आल्यासारखा. त्यावर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती हे त्या शब्दावरून कुणाला वाटणारही नाही.

१९०८ चा खटला तर शब्दांवरच चालला म्हणायला हरकत नाही. ‘केसरी’तले लेख मराठीत, न्यायालय इंग्रजीत, ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःचं काम स्वतः चालवलं आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. त्यांचा एक मुख्य मुद्दा हाच होता की भाषांतरात लेखांचा अर्थ वाकला आहे. सात विरुद्ध दोन असा कौल लागला, सहा वर्षं काळं पाणी. पुढे मंडाले. भाषांतर तपासायला बसते तेव्हा ही उलटतपासणी माझ्या डोळ्यांसमोर असते.

‘कायदा व सुव्यवस्था’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ यांत काही फरक आहे का? बातम्यांत दोन्ही येतात.

हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं, कारण मराठीत सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. दोन्हीकडे ‘सुव्यवस्था’ असल्यामुळे एकच गोष्ट वाटते. कायद्यात त्या दोन आहेत.

क्रम असा. भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी निर्बंध घालता येतात ते राज्यघटनेचं कलम १९(२) सांगतं. राज्यघटना आली तेव्हा त्यात सार्वजनिक सुव्यवस्था नव्हतीच. मुंबईत छापल्या जाणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकाला मद्रास सरकारने प्रांतात यायला बंदी केली. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने रमेश थापर खटल्यात ती बंदी उठवली आणि सांगितलं की राज्याची सुरक्षितता ही वेगळी आणि फार गंभीर बाब आहे, शांतताभंगाची दर किरकोळ भीती तिच्यात बसत नाही. लगेच १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘अपराधास चिथावणी’ हे शब्द आत आले. त्याच दुरुस्तीने निर्बंधांच्या आधी ‘वाजवी’ हा शब्दही आला. तो तीन अक्षरी शब्द नसता तर पुढचे कितीतरी निकाल लिहिताच आले नसते.

आता राममनोहर लोहियांचा १९६५ चा निकाल घ्या. लोहियांना स्थानबद्ध केलं होतं पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी. ज्या नियमाखाली हा आदेश काढला त्यात शब्द होता सार्वजनिक सुव्यवस्था. आदेशात लिहिलं गेलं कायदा व सुव्यवस्था. बहुमताने आदेश रद्द झाला, लोहिया सुटले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला (नागपूरच्या उच्च न्यायालयाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश) यांनी त्यात एकात एक तीन वर्तुळं काढून दाखवली. सगळ्यात बाहेरचं मोठं वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि अगदी आतलं, सगळ्यात लहान, राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन दारुडे चौकात मारामारी करतात ते बाहेरच्या वर्तुळात. त्यांना आवरायला पोलीस पुरेत, देश धोक्यात आला म्हणायची गरज नाही.

म्हणून अनुवादात मी बाहेरच्या वर्तुळासाठी ‘कायदा व सुव्यवस्था’ तसंच ठेवते, आणि मधल्यासाठी ‘सार्वजनिक’ हा शब्द कधीही गाळत नाही. जागा कमी पडली तर दुसरं काहीतरी कापते.

आणि ‘राज्याची सुरक्षितता’ मधलं राज्य म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक नव्हे. अख्खी राज्यसंस्था. हेही एकदा कंसात सांगावं लागतं.

चिथावणी, भडकावणे, फूस लावणे. न्यायालय कोणता शब्द धरतं?

चिथावणी. मराठीत या छटा सुंदर आहेत. फूस लावतात ती गुपचूप, एखाद्याच्या कानाशी लागून. भडकतं ते मन, डोकं. चिथवलं की मात्र पुढे कृती येते. साखळीतल्या कुत्र्याला चिथवलं तर तो अंगावर धावतो. न्यायालय हेच शोधतं: बोलणं आणि कृती यांच्यात अंतर किती? श्रेया सिंघल निकालात (२०१५) तीन पायऱ्या सांगितल्या. चर्चा, मग एखाद्या मताचा पुरस्कार, मग चिथावणी. पहिल्या दोन, ऐकणाऱ्याला कितीही झोंबल्या तरी, मोकळ्या. (इथल्या ‘पुरस्कारा’ला एका अनुवादात ‘पारितोषिक’ झालेलं मी पाहिलं आहे. अशा जागी ‘पाठपुरावा’ किंवा ‘समर्थन’ लिहिलेलं बरं.)

सगळ्यात बोलकं उदाहरण बलवंत सिंग खटल्याचं. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या झाली तो दिवस. चंदीगडच्या नीलम सिनेमासमोर गर्दीच्या जागी खलिस्तानच्या घोषणा दिल्या गेल्या. दिवस कोणता, घोषणा कोणती! तरीही १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं, कारण एक-दोनदा घोषणा दिल्या, त्यावर कुणी वळूनही काही केलं नाही. चिथावणी नव्हती. मला तर वाटतं हा निकाल आपल्याकडच्या पत्रकारितेच्या वर्गात पाठ करून घ्यावा.

पण मराठीतल्या शब्दामुळे खरंच कुणाचं काही बिघडलं आहे का, की हा आपला भाषेचा हट्ट?

बिघडत होतं. २०१५ ची गोष्ट. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्या अटकेवरून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. तिथे सरकारने पोलिसांसाठी अटी मान्य केल्या. एक अट अशी की राजकारणी किंवा लोकसेवक यांच्याविरुद्धचे शब्द तेवढ्यानेच राजद्रोहात येत नाहीत. ते सरकारचे प्रतिनिधी म्हणून दाखवले असतील तरच विचार करायचा. ऑगस्टमध्ये यावरून मराठी परिपत्रक निघालं, आणि त्यातल्या वाक्याचा रोख असा झाला की सरकारच्या प्रतिनिधींवर टीका म्हणजे राजद्रोह. ‘तेवढ्यानेच नाही’ हे पोलिसांना आवरणारे शब्द. त्यांचा जोर गेला आणि ढाल होती तिची तलवार झाली. पुन्हा याचिका झाल्या, परिपत्रकावर कारवाई करू नका असं न्यायालयाने सांगितलं, ऑक्टोबरमध्ये सरकारने ते मागे घेतलं. ठाण्यातल्या हवालदाराच्या हातात इंग्रजी निकाल पडत नाही, मराठी परिपत्रक पडतं. म्हणून हा हट्ट.

आता नव्या संहितेत राजद्रोह नाहीच म्हणतात. मग कोणता शब्द?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. तिच्या कलम १५२ मध्ये राजद्रोह हा शब्द नाही, सरकारबद्दलची अप्रीतीही नाही. फुटीरपणा, सशस्त्र बंड, विघातक कृत्यं, सार्वभौमता, एकता आणि अखंडता यांना धोका, अशी भाषा आहे. संसदेत गृहमंत्र्यांनी याला राजद्रोह जाऊन देशद्रोह आला असं म्हटलं. पण कलमाच्या मजकुरात तो शब्द नाही, म्हणून बातमीत मी ‘कलम १५२ खाली गुन्हा’ एवढंच लिहीन. १२४-अ चे जुने खटले सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या अंतरिम आदेशाने थांबवले गेले, त्यांच्यासाठी राजद्रोहच.

अनुवादकांना हे सगळं पाठवलं. लेखात आता राजद्रोह अकरा ठिकाणी आहे. देशद्रोह एकाच ठिकाणी ठेवला आहे, गृहमंत्र्यांच्या त्या वाक्यात, अवतरणचिन्हांसह.