इंदूर, जनगणना २०२७: लोकसंख्या ३३ लाख की जेमतेम ३०?

तुकोगंजकर
जनगणनेचा संदर्भक्षण आहे १ मार्च २०२७, रात्री बाराचा ठोका. मागचा होता १ मार्च २०११. मधे बरोबर सोळा वर्षं, त्यामुळे "दशकाची वाढ" जशीच्या तशी लावू नका, १.६ दशकांची लावा.

इंदूर निगमाच्या (महापालिकेच्या) हद्दीतले आकडे: १९९१ ला १०,९१,६७४, २००१ ला १४,७४,९६८, २०११ ला १९,९४,३९७. शेवटच्या दोन्ही दशकांत वाढ ३५ टक्के, जवळजवळ तंतोतंत. हाच वेग धरला तर १.३५२ चा १.६ वा घात, म्हणजे १.६२ पट. उत्तर ३२.३ लाख. हे झालं २०११ च्या, ६९ वॉर्डांच्या हद्दीचं. त्यानंतर २९ गावं निगमात आली आणि वॉर्ड ८५ झाले. ती धरून माझा अंदाज ३३ ते ३४ लाख. खोडायचं असेल तर आकड्यांनी खोडा.

रामबाग
आकड्यांनीच खोडतो. ३५ टक्के दोनदा आले म्हणून तिसऱ्यांदा येतील, याला कारण काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशचा एकूण प्रजनन दर (बाईमागे सरासरी मुलं) २००५-०६ ला ३.१ होता, २०१५-१६ ला २.३, आणि २०१९-२१ ला २.० वर आला. हा सबंध राज्याचा, खेड्यांसकट. शहरात तो याहून कमीच असतो. जन्मांतून येणारी वाढ आटली की उरतं ते स्थलांतर, आणि नवा माणूस आता जुन्या हद्दीत राहायला येत नाही. छावणी, मल्हारगंज, राजवाड्याभोवतीच्या गल्ल्या या भागांत घरांची दुकानं, गोदामं, लॉज झालीत. तिथली माणसं निपानिया, बिचोली, राऊकडे सरकली.

मुंबई बघा. बृहन्मुंबई २००१ ते २०११ मधे १,१९,७८,४५० वरून १,२४,४२,३७३ वर गेली, चार टक्केसुद्धा नाही. त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. इंदूरची मुंबई झालेली नाही हे मान्य, पण वाट तीच आहे: आधी गाभा थांबतो, मग कड फुगते.

जुन्या हद्दीला दशकाला २२ टक्के दिले तर १६ वर्षांत १.३७ पट, म्हणजे २७.४ लाख. आता कड. २०११ ला निगमाचे १९.९४ लाख होते आणि नागरी समूहाचे २१,७०,२९५. म्हणजे १,७५,८९८ माणसं हद्दीबाहेर पण शहराला चिकटून. (ही २९ गावांची यादी नव्हे, पण तूर्त मापाला चालेल.) ती दुप्पट झाली तर एकूण ३१ लाखांना थोडे कमी, तिप्पट झाली तर ३२.७. मी दुपटीच्या खालीच थांबतो. ३० च्या आसपास.

तुकोगंजकर
प्रजनन दराचा मुद्दा तुमच्याच विरुद्ध जातो. २००१ ते २०११ मधेही जन्मदर घसरतच होता, तरी शहर ३५ टक्क्यांनीच वाढलं. याचा अर्थ स्थलांतरानं ती तूट भरून काढली. आणि २०११ नंतर तर सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आल्या. वाढ थांबण्याचं कारण मला दिसत नाही.

दुसऱ्या वाटेनं पडताळा घ्या. जिल्हा २००१ ला २४,६५,८२७, २०११ ला ३२,७६,६९७. त्याच गतीनं २०२७ ला ५१.६ लाख. जिल्ह्यातला निगमाचा वाटा ५९.८ वरून ६०.९ टक्के झाला होता, तो ६२.५ धरा. पुन्हा ३२.३ लाख!

आकडेमोड
तुकोगंजकर, हा पडताळा नाही. जिल्ह्याच्या आकड्यात ६१ टक्के शहरच आहे. २००१ आणि २०११ चीच जोडी दोन्ही गणितांत घातलीत, मग उत्तर सारखं येणारच. पडताळ्याला वेगळ्या उगमाचा आकडा लागतो.

तसे उगम आहेत, पण प्रत्येकाला खोट आहे. मतदार यादीवरून काढायचं तर प्रौढांचा वाटा माहीत हवा. समजा हद्दीत २२ लाख मतदार आहेत. प्रौढ ६८ टक्के धरले तर ३२.४ लाख, ७२ टक्के धरले तर ३०.६. चार टक्क्यांच्या फरकात पावणेदोन लाख माणसं हलली, आणि यादीतली दुबार नावं, मृत नावं अजून काढलीच नाहीत. वीज जोडण्या घ्याल तर एका घरात भाडेकरूंचे तीन मीटर निघतात, आणि विजयनगरकडे बंद फ्लॅटलाही मीटर असतो. आधारची संख्या जिथे पत्ता नोंदला तिथली, माणूस राहतो तिथली नव्हे. नर्मदेचं पाणी किती लागतं यावरून तर मुळीच नको: गळती वेगळी, बोअरिंगचं पाणी वेगळं. कचऱ्याच्या वजनात बाजाराला आलेला पाहुणाही मोजला जातो.

सगळ्यात जास्त घोळ कुटुंबाच्या आकारानं होतो. ७ लाख कुटुंबं असतील असं समजा. घरटी ४.८ धरले तर ३३.६ लाख, ४.२ धरले तर २९.४. तुम्हा दोघांतलं सगळं भांडण त्या ०.६ माणसात मावतं.

रामबाग
हे पटलं. माझाही २२ टक्क्यांचा आकडा हाताच्या अंदाजाचा आहे हे कबूल करतो. पण मग तुकोगंजकरांचे ३५ टक्केही तसेच, मागून आले म्हणून खरे वाटतात एवढंच.

भंवरकुआँ
कोणता आकडा खरा धरायचा हे आधी ठरवा. २०११ ला निगमाचा तात्पुरता आकडा १९,६०,६३१ होता, अंतिम १९,९४,३९७. फरक ३३,७६६. पैज लावलीत तर तात्पुरत्यावर की अंतिमवर?

हद्दीचंही तेच. या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या आहेत. त्यानंतर निगमात काहीही जोडलं तरी मोजणीत ते जुन्या हद्दीतच. आणि निकाल लागल्यावर लोक २०११ च्या १९.९४ शी सरळ तुलना करतील, जी चुकीची. बेंगळुरूचं असंच झालं. निगम हद्द ४३ लाखांवरून ८४ लाखांवर गेली आणि शहर दुप्पट झाल्याचा बोभाटा झाला. मधे २००७ ला हद्द वाढली होती. नागरी समूह ५७ वरून ८५ लाख झाला होता, खरी वाढ ४९ टक्के. इंदूरला तुलना करायची तर जिल्हा जनगणना पुस्तिकेतून २९ गावांची २०११ ची लोकसंख्या एकेक उतरवून १९.९४ मधे मिळवा, मग टक्का काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, कोणी करत नाही.

तुकोगंजकर
आणि कोचिंगची पोरं? भंवरकुआँच्या हॉस्टेलांत राहणारे धरले जातील की नाही?

भंवरकुआँ
गणनेच्या काळात जो इथे राहतोय तो इथेच मोजायचा. आधार कार्डावर खरगोनचा पत्ता असला तरी. वसतिगृह हे संस्थात्मक कुटुंब म्हणून धरतात. चूक होते ती पीजीत. चार खोल्यांत बारा मुलं, घरमालक प्रगणकाला "आम्ही पाचजण" सांगून दार लावतो. गावाकडे आईवडील त्याचं नाव सांगतात, मग तो इथे गळतो आणि तिथे भरतो. २०११ च्या मोजणीनंतरच्या पाहणीत देशभर हजारी २३ माणसं गळाली होती, शहरांत गळती जास्तच असते. हजारी २३ म्हणजे ३२ लाखांवर सुमारे ७४,०००. यंदा स्वगणनेची सोय आहे, पण ती घरातल्या कोणीतरी भरायची असते. पीजीत भरणार कोण?

आकडेमोड
म्हणून माझं लक्ष घरयादीवर, म्हणजे जनगणनेच्या पहिल्या टप्प्यावर. तिच्यात प्रत्येक कुटुंबात नेहमी राहणाऱ्यांची संख्या विचारतात. निगमाच्या ८५ वॉर्डांच्या गोषवाऱ्यात कुटुंबं किती आणि रिकामी घरं किती एवढं जरी हाती आलं तरी फेब्रुवारी २०२७ मधल्या माणसांच्या मोजणीआधीच अंदाज एक-दीड लाखाच्या आत येईल. तोवर मी ३१.५ लिहून ठेवतो, ८५ वॉर्ड, अंतिम आकडा.

रामबाग
मी ३०.४. तोच निकष.

तुकोगंजकर
३३.२. बायपासपलीकडच्या अवैध कॉलन्या प्रगणन गटांच्या (एकेका प्रगणकाला नेमून दिलेल्या भागांच्या) नकाशात नीट उतरल्या तर. त्या सुटल्या तर एक लाख मीच कमी करतो.