मदत हवी आहे: मांसाच्या अर्कात युरोपियमचा लाल प्रकाश विझतो

मंडळी, मांसातले टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे अंश फ्लुरोसन्सने (प्रकाश शोषून पदार्थ जी चमक देतो, तिच्यावरून) मोजायचा प्रयत्न करतोय. युरोपियम या धातूच्या आयनाला टेट्रासायक्लिन जोडलं की ते ३९० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून ऊर्जा युरोपियमला देतं आणि ६१६ च्या जवळ लाल चमक दिसते. साध्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) औषधाचं प्रमाण आणि चमक यांची सरळ रेषा छान येते. मांसाचा अर्क घातला की सगळं मुसळ केरात!

माझा संशय ईडीटीएवर (धातूंचे आयन घट्ट धरणारं रसायन) आहे. टेट्रासायक्लिन कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतं, ते सोडवायला अर्क काढताना ईडीटीए घालावंच लागतं. पण तेच पुढे युरोपियमलाही धरून ठेवतं. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शिवाय मांसाला लाल रंग देणारं मायोग्लोबिन ४१० च्या आसपास प्रकाश खातं, तो भाग वेगळाच.

युरोपीय संघाची स्नायूंसाठीची मर्यादा किलोला १०० मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे अर्क फार पातळ करून चालत नाही.

ईडीटीए घालवायला सॉलिड फेज कार्ट्रिज (अर्क त्यातून सोडून नको ते वेगळं करायची छोटी नळी) पुरेसं होतं का? की युरोपियमच जास्त घालू? आणि कॅलिब्रेशन (चमकेवरून प्रमाण ठरवायची रेषा) औषधमुक्त मांसाच्या अर्कातच करता की प्रत्येक नमुन्यात स्टँडर्ड, म्हणजे माहीत प्रमाणातलं टेट्रासायक्लिन, मिसळून? प्रत्यक्ष हात घातलेल्यांनी कृपया सांगा.