मदत हवी आहे: चुलीच्या धुराड्यात चिकट काळा थर धरलाय, भिंतीपलीकडे कापूस आहे

नमस्कार मंडळी, घाटंजी तालुक्यातून लिहितोय. घरी गॅस आहे पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी विटा-मातीच्या चुलीवरच होतं, आणि त्या चुलीला चार इंची टिनाचा पाईप बसवलाय. पाईप चुलीच्या मागून निघतो, भिंतीला धरून पाच-सहा फूट आडवा जातो, मग एल्बो घेऊन टिनाच्या छपरातून वर. या हिवाळ्यात आडव्या भागाच्या जोडातून काळंकुट्ट चिकट पाणी गळायला लागलं, भिंतीवर ओघळ आलेत, वाळले की चकचकीत होतात आणि नखाने खरवडूनही निघत नाहीत. वास तर कपड्यांना, उशांना, सगळीकडे. सकाळी चूल पेटवली की धूर आधी घरभर पसरतो मग कुठे वर जातो. पाईपावर टिचकी मारली तर वरच्या भागात टण्ण वाजतं, एल्बोपाशी मात्र धप्प.

आधी असं होत नव्हतं. आम्ही वर्षानुवर्षं पराटी (कापसाची वाळकी झाडं) आणि तुराट्याच जाळायचो. पण बोंडअळीपायी पराटी घरामागे रचून ठेवू नका असं सगळे सांगतात, ते बरोबरही आहे, अळी त्यातच दडून राहते, म्हणून आता श्रेडर फिरवून वावरातच मुरवतो. सरपण कमी पडलं म्हणून दिवाळीनंतर वावराच्या धुऱ्यावरची (बांधावरची) बाभूळ तोडली आणि तीच जाळणं सुरू आहे. रात्री आई एक जाड ठोकळा आत सारून चुलीच्या तोंडाला पत्रा लावते, म्हणजे पहाटे विस्तव तयार मिळतो.

खरी काळजी वेगळीच आहे. पाईपाच्या भिंतीपलीकडच्या खोलीत कापूस भरलाय, भाव नाही म्हणून विकला नाही, पार आढ्यापर्यंत गंज आहे. परवा रात्री पाईपातून थोडा वेळ घरघर आवाज आला, एल्बोजवळ हात नेववेना इतकं तापलं, मग आपोआप शांत झालं. तेव्हापासून झोप नाही.

गावात दोन सल्ले मिळाले. वाळक्या तुराट्यांचा मोठा जाळ कर, पाईप आतून जळून साफ होतो, हा एक. दुसरा, विस्तवावर मूठभर खडेमीठ टाक. आई पहिल्याला तयार आहे, मी कसंबसं थांबवून धरलंय. करावं का हे? नाही तर साफ कसं करायचं, का पाईपच बदलू? ज्यांनी स्वतः हाताळलंय त्यांनी कृपया सांगा.

हिंगणघाट_फॅब्रिकेशन:
दादा, मोठा जाळ अजिबात करू नका, काकूंना माझ्यातर्फे हात जोडून सांगा. पाईपात जे बसलंय तेच जळतं. ओल्या लाकडाचा धूर अर्धवट जळलेला असतो, त्यातलं डांबर आणि वाफ गार पत्र्याला धरते, त्यालाच क्रिओसोट म्हणतात. धूर साधारण १२० अंशांच्या खाली उतरला की थर धरायला लागतो, आणि तुमचा उघडा पत्र्याचा पाईप त्यात इतका आडवा, म्हणजे वर पोचायच्या आधीच धूर गार. त्या थराने नीट पेट घेतला तर आत हजार अंशांच्या वर जाऊ शकतं, मग पत्रा वाकतो, जोड उघडतात आणि ठिणग्या घरात. परवाचा घरघर आवाज मला तरी आतल्या आगीचाच वाटतो, थोडक्यात निभावलं. मिठाने बसलेला थर निघत नाही, उलट पत्रा लवकर गंजतो.

सगळ्यात आधी कापूस त्या खोलीतून हलवा, आजच. चूल पूर्ण गार होऊ द्या, मग पाईप जोडाजोडाने उतरवून अंगणात न्या, पण कुटाराच्या गंजीपासून लांब. तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा, हातात मोजे. भुसभुशीत काजळी तारेच्या ब्रशने निघते, पापुद्रे लाकडी दांड्याने ठोकून निघतात, पण काचेसारखा चकचकीत थर ब्रशला दाद देत नाही. तो असेल तर त्यावर मेहनत करू नका, पत्र्याचा पाईप काही फार महाग नाही, तो तुकडा नवीन घ्या. आणि वरच्या टोपीला जाळी आहे का? चिमण्यांसाठी लावलेली बारीक जाळी सगळ्यात आधी बुजते.

चिखलदऱ्याहून:
पाईप बदलला आणि लाकूड तेच ठेवलं तर पुन्हा हेच होईल. ताज्या बाभळीत पाणी भरपूर असतं, ते २० टक्क्यांच्या खाली यायला पाहिजे. ठोकळे फोडून, खाली दगड किंवा बल्ल्या टाकून जमिनीपासून उंच रचा, वरून पत्रा झाका, बाजू मात्र मोकळ्या ठेवा, ताडपत्रीने गुंडाळलं तर आत कुबट ओल राहते. विदर्भाचा एक पुरा उन्हाळा मिळाला की फोडलेलं लाकूड चांगलं वाळतं. वाळलेल्याची साल सुटते, टोकाला भेगा पडतात, दोन तुकडे एकमेकांवर मारले की खणखणीत वाजतात. जळताना टोकातून फेस येत असेल तर ते अजून ओलंच. तोपर्यंत तुराट्या वापरा, बारीक पण मोकळा जाळ.

अर्चनाताई_वाशीम:
भाऊ, रात्रीच्या ठोकळ्याकडे दुर्लक्ष करू नका. हवा कोंडून लाकूड रात्रभर धुमसत ठेवलं की थर सगळ्यात जास्त तेव्हाच बसतो. आणि पाईप बुजलेला असताना धुमसणारा विस्तव घरात ठेवून दारं-खिडक्या लावून झोपलात तर कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. आईंना हेच सांगा, पाईपाच्या खर्चापेक्षा त्यांना हे पटेल. आमच्याकडे रात्री चूल पूर्ण विझवतो आणि सकाळसाठी चिपाट्या न् वाळक्या काड्या आदल्या दिवशीच चुलीशेजारच्या कोनाड्यात काढून ठेवतो, पाच मिनिटांत जाळ होतो.

पुन्हा कधी आवाज आला तर पाईपात पाणी ओतू नका. चुलीचं तोंड पत्र्याने घट्ट बंद करा म्हणजे हवा तुटेल, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ लावा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. कापूस चुलतभावाच्या कोठ्यात हलवला, शेजारची पोरं मदतीला आली. पाईप उतरवला. एल्बोत जेमतेम दोन बोटं जातील एवढीच जागा उरली होती, आतून काळी काच ओतल्यागत, आणि आडव्या भागाचा पत्रा एके ठिकाणी निळसर पडून बाक आलाय. टोपीची जाळी पूर्ण बुजलेली. आईने ते एल्बो उन्हात धरून बराच वेळ आत बघितलं आणि ठोकळा आता नको म्हणाली.

आता नवीन करतोय तर दोन गोष्टी विचारतो. जोड गळू नये म्हणून काय करायचं? आणि मामांकडे जुन्या निर्धूर चुलीचा सिमेंटचा पाईप पडलाय, तो घासून वापरू का?

हिंगणघाट_फॅब्रिकेशन:
सिमेंटचा नको. ते जुने पाईप बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात, घासले-फोडले की धूळ फुप्फुसात जाते, आणि आतून आग लागली तर तडकतात. तसाच राहू द्या.

जोडाचं असं आहे, छपराला टिन टाकताना वरचा पत्रा खालच्यावर येतो, तुमच्या माणसाने पाईपही तसाच बसवला असणार. धुराच्या पाईपाला उलट लागतं, वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत जायला पाहिजे, म्हणजे आतलं गळणं आतूनच चुलीकडे उतरतं. आडवा भाग शक्यतो काढूनच टाका, चुलीच्या मागून सरळ वर न्या. काढताच आला नाही तर दर फुटाला पाव इंच तरी चढ द्या. छपरावर निदान तीन फूट वर, आणि दहा फुटांत जे काही उंच असेल त्यापेक्षा दोन फूट वर. छपराच्या लाकडी बल्ल्या-फाट्यांपासून पाईप दीड फूट लांब ठेवा, जिथे छपरातून जातो तिथे तर नक्कीच. एल्बो लागलाच तर तिथे झाकणाचं तोंड ठेवून घ्या, हात घालून काजळी काढता येते. थर ३ मिलिमीटर झाला की साफ करायचा, हिवाळ्यात महिन्याला एकदा उघडून बघत जा.

धागाकर्ता:
सरळ वरच नेतो मग. मधे एक सागवानी फाटा येतोय, तो सरकवावा लागेल, उद्या सुताराला बोलावलंय. कापूस मात्र परत त्या खोलीत भरणार नाही.