वक्र दरवाजावरचा पाण्याचा जोर काढायला काय वापरू? (बजेट १,५०० रु.)

कालवाकाठ
नमस्कार मंडळी. सांडव्यावरच्या एका छोट्या वक्र दरवाजावर पाण्याचा किती जोर येतो याचा तक्ता करून द्यायचा आहे. त्रिज्या ५ मी., रुंदी ४ मी. ट्रनियनचा (ज्या पिनेवर दरवाजा फिरतो ती) मध्य उंबरठ्यापासून ३ मी. उंच आणि पाणीही बरोबर तिथपर्यंत. फुगीर बाजू पाण्याकडे, पलीकडे पाणी नाही. हातानं करावं, एक्सेलमध्ये की एखादं सॉफ्टवेअर घ्यावं? खर्च १,५०० रुपयांच्या आत बसायला हवा. स्किन प्लेट (पाणी अडवणारा वक्र पत्रा) आणि आडवे स्टिफनर (त्याला ताठ ठेवणारे दांडे) यांचं डिझाइन पुढे याच आकड्यांवरून होणार आहे.

सांडवा_माथा
ऑटोकॅड घ्या आणि मोकळे व्हा. कंस, पाण्याची रेघ आणि उंबरठ्यातून वर काढलेली उभी रेघ, या तिघांमधली आकृती रीजन करा आणि मासप्रॉप कमांड द्या. क्षेत्रफळ आणि गुरुत्वमध्य दोन्ही लगेच मिळतात. आकृतीचा मूळबिंदू ट्रनियनवर ठेवा, नाहीतर गुरुत्वमध्याचं अंतर भलतंच येईल. लायसन्स महाग आहे, पण दरवाजाचं काम एकच थोडं असतं!

पूर्णसंचय
बजेट १,५०० सांगितलंय हो. मोफतच्या फ्रीकॅडमध्येही क्षेत्रफळ मिळतं. आणि या दरवाजाला तेही नको, कागद पुरतो.

आडवा घटक: वक्रपृष्ठ विसरा, त्याची उभ्या प्रतलावरची सावली घ्या. ३ मी. उंच, ४ मी. रुंद आयत. ½ × ९.८१ × ३² × ४ = १७६.५८ किलोन्यूटन. हा उंबरठ्यापासून १ मी. उंचीवर लागतो.

उभा घटक: कंसाच्या वर पाण्याच्या पातळीपर्यंत जेवढं काल्पनिक पाणी मावेल तेवढं त्याचं वजन. ३-४-५ चा त्रिकोण आयता मिळाला आहे. उंबरठा ट्रनियनपासून आडवा ४ मी., कोन ३६.८७ अंश. वर्तुळपाकळी ८.०४४ चौ.मी., त्यातून ६ चौ.मी.चा त्रिकोण वजा, राहिले २.०४४. गुणिले ९.८१ गुणिले ४ = ८०.२ किलोन्यूटन. पाणी पत्र्याच्या खालून लागतं म्हणून दिशा वर. बहुतेकांचं इथेच चुकतं. काल्पनिक पाणी पत्र्याच्या वर काढलं की हात आपोआप खाली बाण काढतो.

एकूण जोर १९३.९ किलोन्यूटन, आडव्या रेषेशी २४.४ अंश.

टनभर_पाणी
किलोन्यूटनच्या भानगडीत कशाला पडता? एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. आडवा १८ टन, उभा ८.१८ टन. साइटवर सगळे टनातच बोलतात, होइस्टची (दरवाजा उचलणाऱ्या यंत्राची) क्षमताही टनातच सांगतात.

पूर्णसंचय
तपासणीला टन चांगले. पण पोलादाचा ताण न्यूटन प्रति चौ.मिमी.मध्ये असतो. एकाच तक्त्यात दोन्ही आले की ९.८१ कुठेतरी दोनदा गुणला जातो किंवा गळतो.

रेडियन_मोड
कॅसिओचा एफएक्स-९९१ घ्या, बजेटमध्ये बसतो. वर्तुळपाकळीच्या सूत्रात कोन रेडियनमध्येच हवा: ०.६४३५. एक्सेलमधलं साइन फंक्शनही रेडियनच मागतं. तिथे ३६.८७ टाकलंत तर एक्सेल चूक दाखवत नाही, मुकाट्यानं भलता आकडा देतं.

ड्रम_होइस्ट
८ टन वर लागतात म्हणजे दरवाजा उचलायला तेवढी मदत झालीच की. होइस्ट लहान घ्या, पैसे वाचतील.

पूर्णसंचय
नाही! असं कृपया करू नका. पत्रा वर्तुळाचा आहे, म्हणून प्रत्येक बिंदूवरचा दाब ट्रनियनच्या मध्याकडेच रोखलेला असतो. ट्रनियनभोवती मोमेंट (फिरवणारा परिणाम) शून्य. आडवा १७६.५८ हा ट्रनियनच्या २ मी. खाली, म्हणजे ३५३.२ किलोन्यूटन-मीटर. उभा ८०.२ हा ४.४०४ मी. अंतरावर, म्हणजे तेवढाच, उलट दिशेनं. होइस्टला दरवाजाचं वजन, रबर सीलचं घर्षण आणि ट्रनियनचं घर्षण पेलावंच लागतं.

कमानीचा_अभियंता
मोमेंट शून्य हे पिन गुळगुळीत असेल तरच. १७ जुलै १९९५ ला कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचा वक्र दरवाजा उघडताना मोडला तो याच कारणानं. गंज आणि अपुरं वंगण यांमुळे पिनचं घर्षण वाढलं होतं. मूळ डिझाइनमध्ये त्या घर्षणाचा मोमेंट धरलाच नव्हता. पत्रा ट्रनियनशी जोडणाऱ्या बाहूंमधला तिरका ब्रेस (आधारदांडा) आधी तुटला. तुमच्याकडे पिन २०० मिमी. व्यासाची आणि घर्षणांक ०.२ धरला तर १९३.९ × ०.२ × ०.१ = ३.९ किलोन्यूटन-मीटर. आकडा छोटा आहे, पण तो बाहूंना वाकवतो. आयएस ४६२३ हे भारतीय मानक उघडून बसा, वक्र दरवाजांसाठीच आहे. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) संकेतस्थळावर नोंदणी केली की मोफत मिळतं.

सांडवा_माथा
राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तर पाण्याच्याच जोरावर उघडतात, मग इथे मोमेंट शून्य कसा?

कमानीचा_अभियंता
त्यांची रचनाच वेगळी आहे, इथलं गणित तिथे लावू नका. मूळ प्रश्नावर या. पाणी ट्रनियनच्याही वर १ मी. गेलं तर? पत्रा तिथवर असेल तर वरच्या भागावर जोर खाली लागतो, तो वजा करायचा. निव्वळ क्षेत्रफळ ३.०१ चौ.मी., उभा ११८ आणि आडवा ३१४ किलोन्यूटन. पाणी फक्त एक मीटर चढलं आणि एकूण जोर १९४ वरून ३३५ झाला. तक्त्यात ही ओळ हवीच.

रेडियन_मोड
पुन्हा सांगतो, कोन रेडियनमध्ये.

कालवाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. कॅड नको, कॅल्क्युलेटरही नको. लिबरऑफिसमध्ये कंसाच्या सहा समान पट्ट्या केल्या. पट्टीच्या मध्यावरचा दाब × कंसाची लांबी × रुंदी, मग कोसाइननं आडवा आणि साइननं उभा. बेरीज १७६.९ आणि ७९.७ आली. सावलीची रीत झटपट आहे हे मान्य, पण ती फक्त बेरीज देते. स्टिफनरचं अंतर ठरवायला प्रत्येक पट्टीवरचा दाब लागतो, म्हणून पट्ट्याच ठेवतो. ट्रनियनभोवती मोमेंटही शून्य आला.

पूर्णसंचय
पट्ट्यांत तो शून्यच येणार, कारण प्रत्येक बाण तुम्हीच ट्रनियनकडे रोखला आहे. त्यानं खोली चुकली तरी कळत नाही. ताळा ८०.२ शीच घ्या. आणि ५ मी. ही त्रिज्या पत्र्याच्या पाण्याकडच्या पृष्ठभागाची आहे ना, मध्यरेषेची नव्हे? रुंदीही बाजूच्या सील जिथे टेकतात तिथपर्यंत धरा.

कालवाकाठ
त्रिज्या बाहेरचीच आहे. सील ते सील रुंदी ड्रॉइंगमध्ये बघून तक्ता सुधारतो. पाणी ट्रनियनवर १ मी. ही ओळही घालतो.

टनभर_पाणी
शेजारी टनाचा रकाना ठेवा.