मदत हवी आहे: आईचा गुडघा आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड
नमस्कार मंडळी, नाशिकरोडला राहतो. आईचा उजवा गुडघा बदलायचा आहे. वय ६८, हिमोग्लोबिन जेमतेम १०. डॉक्टर म्हणाले, चीर देण्याआधी शिरेतून १ ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देऊ, म्हणजे रक्त चढवायची वेळ बहुधा येणार नाही. हे औषध स्वतः रक्त गोठवत नाही, झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही, एवढं समजलं. (बायकोला पाळीच्या जास्त रक्तस्रावाला याच्याच गोळ्या दिल्या होत्या!) पण आईला हृदयात स्टेंट आहे, म्हणून धाकधूक. शिरेऐवजी थेट सांध्यातही सोडतात म्हणे. तसं कुणाकडे केलंय का? औषध लघवीवाटे बाहेर पडतं, मग क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून डोस कमी केला का? शुक्रवारी भूलतज्ज्ञांना भेटायचंय, अजून काय विचारू?