पिचर पॉल स्कीन्सला मेपर्यंत खालच्या लीगमध्ये ठेवून पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने काय साधलं?

डावखुरा: २०२४ मध्ये ट्रिपल-एत (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवर) २७.१ इनिंग्ज, ०.९९ ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा; कमी तितकं चांगलं), तरी ११ मेपर्यंत थांबवलं. सर्व्हिस टाइम (मेजर लीगमधले दिवस; ते पुरेसे भरले की खेळाडू संघ सोडू शकतो) वाचवायचा होता ना? मग वाचला का?

बुलपेनकर: नाही वाचला. १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात, तेवढे त्याचे झालेच नाहीत. पण लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२२ च्या करारानुसार रुकी ऑफ द इयरच्या (सर्वोत्तम नवोदिताच्या) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. तो पहिला आला. म्हणजे २०२९ नंतर कुठल्याही संघाकडे जायला मोकळा. शिवाय सुरुवातीपासून न खेळवल्यामुळे संघाला बक्षीस म्हणून मिळू शकणारा जादा ड्राफ्ट पिकही (नवे खेळाडू निवडायची जादा संधी) गेला. तेलही गेलं, तूपही गेलं!

डावखुरा: इनिंग्ज जपायच्या होत्या, हे कारण?

स्लायडर७: ते अर्धं खरं. ट्रिपल-एत छोटे स्पेल देऊन वर्कलोड हळूहळू वाढवला. मग मेजर लीगमध्ये २३ स्टार्ट (सुरुवातीचा पिचर म्हणून सामने), १३३ इनिंग्ज, १.९६ ईआरए. पण छोटे स्पेल मेजर लीगमध्येही देता येतात, फक्त बुलपेनवर (नंतर येणाऱ्या पिचर्सवर, म्हणजे रिलीव्हर्सवर) भार पडतो. संघाच्या २६ जणांत पिचर जास्तीत जास्त १३. ताजा रिलीव्हर हवा म्हणून कुणा पिचरला ऑप्शन केलं (खालच्या लीगमध्ये पाठवलं), तर तो १५ दिवस परत येत नाही; कुणी जखमी झाला तर सूट. असं पाठवायची मुभा, म्हणजे ऑप्शन, संपलेल्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्स (त्याला इतर संघांपुढे ठेवणं), तिथे दुसरा संघ उचलू शकतो. खरी अडचण तिथे असते.